सगळ्यात वरचं उत्तर

सर्चताई नेमकं काय काम करते, हे तिच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. सासू शेजारपाजारी सांगायची, आमची सून खेळण्यांच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसते. नवरा मित्रांना सांगायचा, ती लोकांना वर चढवते. मित्र हसायचे, म्हणायचे, ते काम तर आम्ही साहेबांसाठी रोज फुकटात करतो.

सांगायला गेलं तर काम सोपं होतं. आपण फोनवर काही शोधलं की उत्तरांची रांग लागते. लोक त्यातल्या पहिल्या दोन-तीन उत्तरांकडे जातात आणि बाकीची बसतात माशा मारत. खेळण्यांच्या दुकानाची वेबसाइट त्या रांगेत इतकी मागे होती, की खुद्द मालकांनी शोधली तरी त्यांना दुसऱ्याचंच दुकान सापडायचं. ती रांगेत पुढे आणायची, यासाठी सर्चताईला ठेवलेलं. हे नावही मालकांनीच पाडलेलं. पुढे दुकानातल्या बिलवाल्या बाईंपासून कुरियरवाल्यापर्यंत सगळे तेच म्हणू लागले आणि तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच काय ते कुणाला आठवायचं.

तिची बसायची जागा दुकानाच्या माळ्यावर, लाकडी जिना चढून. एका बाजूला खोक्यांची चळत, दुसऱ्या बाजूला ग्राहकांनी परत आणलेली खेळणी. त्यातला एक भालू असा हट्टी, की कुणी जवळून गेलं की आपला आपण टाळ्या पिटायला लागायचा. सर्चताई त्याला रोज दटावायची. मुळात ती बोलकी, जराशी आगाऊ आणि कामाला वाघ. हातात घेतलेलं तडीस नेल्याशिवाय ती जेवायलासुद्धा खाली उतरायची नाही.

तिच्या कामात एक युक्ती होती. मोठमोठ्या दुकानांशी 'खेळणी' या शब्दावर झुंजण्यात अर्थ नाही, तिथे आपला टिकाव लागणार नाही. त्यापेक्षा आपल्या भाषेत लोक काय विचारतात आणि कशाचं उत्तर कुणीच नीट लिहिलेलं नाही, ते हुडकायचं आणि त्या मोकळ्या जागेत आपलं पान नेऊन ठेवायचं. लोक उत्तर वाचायला येतात, दुकान बघून जातात. असं हुडकता हुडकता तिला एक दिवस प्रश्न सापडला, मुलाने सेल गिळला तर काय करावे. सेल म्हणजे ते शर्टाच्या बटणाएवढे, चपटे, चकचकीत. खेळण्यात असतात, रिमोटमध्ये असतात, गाणाऱ्या ग्रीटिंगमध्येसुद्धा असतात. लोक हा प्रश्न विचारत होते आणि आपल्या भाषेत त्यावर एकही धड पान नव्हतं. सर्चताईला घबाड मिळाल्यासारखं झालं.

आता ती काही डॉक्टर नव्हती, पण या धंद्यात कोण असतं? कालपर्यंत गाद्यांवर लिहिलं, आज दातांवर लिहायचं, उद्या विम्यावर. तिने नेहमीच्या रीतीने काम केलं. मुलांनी काहीबाही गिळल्यावर काय करावं, याची असतील नसतील तेवढी पानं उघडली, आणि जे चार ठिकाणी दिसलं ते उचललं. चार ठिकाणी आहे म्हणजे खरं, हा या धंद्यातला हिशेब. त्या चौघांनी एकमेकांचं बघून लिहिलं असेल, किंवा मुळात ते भलत्याच कशाबद्दल असेल, हे मनात येत नाही. आलं तरी वेळ नसतो. तिने लिहिलं: मुलाला मिठाचं पाणी पाजा. उलटी करायला लावा. सेल बाहेर आला नाही तर घाबरू नका, दोन दिवस वाट बघा, शौचावाटे निघून जातो. खाली एक ओळ टाकली की आमच्या दुकानात सेलच्या झाकणाला स्क्रू असलेली खेळणी मिळतात.

वाक्यं मुद्दामच आखूड ठेवली होती. आखूड आणि सुटसुटीत उत्तर असलं, की सर्च ते उचलून सगळ्यात वर एका चौकटीत ठळक दाखवतं. मग माणसाला पान उघडायचीही गरज उरत नाही, वरच्यावर वाचून मोकळा होतो. त्या चौकटीत जाऊन बसणं म्हणजे या कामातली परमावधी. शिवाय तिने तोच मजकूर थोडा इकडेतिकडे करून ओळखीच्या लहान लहान साइटना वाटला. बाळांच्या कपड्यांचं दुकान, एक पाळणाघर, आयांचा एक गप्पांचा कट्टा. त्यांनी तो छापायचा आणि खाली आपल्या दुकानाचं नाव द्यायचं. चारजण आपलं नाव घेतात असं दिसलं की सर्चला आपण भारदस्त वाटायला लागतो, म्हणून हे करतात.

आणि पान चढलं. बघता बघता चौकटीत जाऊन बसलं. मालकांनी अख्ख्या दुकानाला चहा पाजला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला फोन काढून दाखवला. घरीही कौतुक झालं. नवऱ्याने ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना शोधून बघायला लावलं.

त्या रविवारी दुपारी तिची मोठी नणंद आली. ती एका हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. बोलायला सडेतोड, पण मायेची. सर्चताई तिला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची, कारण त्या हाकेने तिला म्हातारं झाल्यासारखं वाटायचं आणि ती चिडायची. चहा झाला, चिडवाचिडवी झाली आणि सर्चताईने ऐटीत फोन पुढे केला. म्हणाली, वन्सं, तुमच्याच खात्यातलं आहे, वाचा.

नणंदेने चष्मा लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. कप खाली ठेवला.

"हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"अगं, उलटी करायला लावायची नाही. मिठाचं पाणी तर लहान मुलाला देऊच नये, त्याचंच विष होतं. सेल घशात अडकला ना, की आतून जाळत जातो. दोन दिवस काय वाट बघायची? दोन तास बघितली तरी घात होतो. मूल उचलायचं आणि हॉस्पिटलात पळायचं, काय द्यायचं न द्यायचं ते डॉक्टर सांगतील." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे येतात अशी मुलं. मी बघितलीत."

 सर्चताईचं हसू तोंडावरच राहून गेलं, ते काढायचंही तिला सुचेना. काय बघितलंत, हे तिने विचारलं नाही. नणंदेनेही सांगितलं नाही, आणि ते न सांगणंच तिला जास्त लागलं.

तिथल्या तिथे, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, तिने फोनवरून पान बदलायला घेतलं. पासवर्ड चुकला, परत चुकला. नणंद शेजारी उभी राहून एकेक वाक्य सांगत होती आणि ती लिहीत होती. काही पाजू नका. उलटी काढू नका. थांबू नका, लगेच हॉस्पिटलात न्या. लिहून झालं, पान बदललं. मग खात्री म्हणून प्रश्न टाकून बघितला. सगळ्यात वर, चौकटीत, तिचं जुनंच उत्तर. मिठाचं पाणी पाजा.

नणंदेला वाटलं, बदललेलं जतन झालं नसेल. सर्चताईला मात्र कळलं. पान बदललं म्हणजे चौकट बदलली असं नसतं. सर्च आपल्या सवडीने परत येणार, पान पुन्हा वाचणार, मग चौकट बदलणार. आज येईल, आठवड्याने येईल. लवकर येऊन बघा असा अर्ज करता येतो, तो तिने केला, पण अर्जाला काही कुणी उत्तर देत नाही. तोवर चौकटीत तेच राहणार. आणि लोक चौकटच वाचतात, पान उघडत नाहीत, हे तर तिनेच साधलं होतं.

संध्याकाळभर ती घरात असून नसल्यासारखी होती. तिची स्वतःची दोन वर्षांची मुलगी दुडुदुडु धावत घरभर हिंडत होती. सर्चताईने सगळे रिमोट उचलून कपाटावर टाकले, गाणारं पुस्तक फाडून त्यातला सेल काढला आणि तो मुठीत धरून बसली. बटणाएवढा तर होता. सासूने विचारलं, अंगात कणकण आहे का? ती हो म्हणाली, कारण ते सांगायला सोपं होतं.

सोमवारी दुकानात येऊन तिने रोजच्या सवयीने तो तक्ता उघडला, कोणत्या प्रश्नावरून किती लोकांनी आपलं उत्तर पाहिलं तो. आत्तापर्यंत हा तक्ता बघणं हा तिचा सकाळचा आनंद. आकडा वाढला की ती भालूसकट सगळ्यांवर खूश असायची. आज आकडा आणखी वाढलेला होता. ती बघत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, की हा प्रश्न कुणी सहज म्हणून विचारत नाही. उन्हाळ्यात कोणतं खेळणं घ्यावं, हे माणूस पडल्या पडल्या शोधतो. मुलाने सेल गिळला तर काय करावे, हे शोधताना त्याच्या कडेवर मूल असतं. तक्त्यातला आकडा म्हणजे तितकी घरं. सगळ्याच घरांत सेल गिळलेला नसेल, काही जण नुसते धास्तावून विचारत असतील, असं तिने स्वतःला बजावलं. पण निम्मे सोडा, पाव धरा, तरी काय?  तेवढ्यात भालूने टाळ्या पिटल्या आणि ती किंचाळली. खालून बिलवाल्या बाईंनी विचारलं, उंदीर का गं?

मालकांना सांगणं भागच होतं. त्यांनी आधी नीट ऐकलंच नाही. पान काढून टाकू म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. इतक्या मुश्किलीने वर आलोय, म्हणाले, जरा धीर धर, बदललंयस ना. तिने सगळं परत सांगितलं, नणंदेचं बोलणं जसंच्या तसं. तेव्हा ते खुर्चीत बसले. दोन नातींचे आजोबा होते, दगड नव्हते. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, कर काय करायचं ते, पण आधी काय लिहिलं होतं हे कुणाला कळता कामा नये. दुकान बसेल माझं. तेही भ्यायले होते, फक्त त्यांची भीती वेगळी होती.

आणि काढून टाकण्यातही गोम होतीच. आपलं पान काढलं, तर सर्च चौकट रिकामी थोडीच ठेवणार? ते खालचं पुढचं उचलणार. आणि पुढचं कुठलं, तर तिनेच वाटलेलं. कपड्यांच्या दुकानाचं, पाळणाघराचं, कट्ट्याचं. तिने स्वतःच्या हाताने त्याच मिठाच्या पाण्याच्या राखीव फौजा उभ्या करून ठेवल्या होत्या. तेव्हा आपलं बदललेलं पान वरच ठेवायचं आणि बाकीची एकेक करून उतरवायची, असं तिने ठरवलं.

ती फोनला चिकटली. कपड्यांच्या दुकानवाल्याने ऐकताक्षणी काढलं, वर दोनदा विचारलं की माझ्यावर काही येणार नाही ना? कट्ट्याच्या बाईंनी काढते काढते म्हणत दिवस घालवला, कारण त्यांच्या साइटवरचं तेच पान सगळ्यात जास्त वाचलं जात होतं. सर्चताईने त्यांच्यापुढे हात जोडले, फोनवर दिसत नसतानाही जोडले. शेवटी त्यांनी काढलं. राहिलं पाळणाघर. त्यांचा फोन लागेना. मेल परत आले. ती पत्ता शोधत तिथे गेली, तर त्या जागी चपलांचं दुकान. पाळणाघर मधल्या काळात बंद पडलेलं आणि बाई कुठे गेल्या कुणाला ठाऊक नाही. साइट मात्र होती तशी चालू, मालक नसलेल्या घरात दिवा जळत राहावा तशी. भिंतीवर चित्र काढणाऱ्या मुलांचे फोटो, आणि खाली तिचं उत्तर. ती चपलांच्या दुकानासमोर उभी राहिली आणि तिला रडूच फुटलं. दुकानदार घाबरून बाहेर आला, ताई, पाणी देऊ का विचारू लागला.

मग उरलं ते एकच, आपलं खरं उत्तर इतकं वर आणि इतकं भक्कम करायचं की पाळणाघराचं पान कुणाला दिसूच नये. तिने नणंदेच्या वॉर्डातल्या डॉक्टरबाईंकडून मजकूर तपासून घेतला, त्यांचं नाव घालायची परवानगी मिळवली. चार शाळांना विनवण्या करून त्यांच्या साइटवर त्या पानाचा पत्ता लावून घेतला. आयुष्यात कुठलंही पान चढवायला तिने इतकी मेहनत घेतली नव्हती. दर थोड्या वेळाने ती प्रश्न टाकून बघायची, आणि दर वेळी चौकट उघडण्याआधी डोळे मिटून घ्यायची. जेवण जात नव्हतं. फोन वाजला की आपल्यालाच विचारायला कुणीतरी आलंय असं वाटायचं. नवऱ्याने समजूत घातली, की अगं तू काय मुद्दाम केलंस? तिला वाटलं, मुद्दाम केलं असतं तर निदान नीट विचार करून तरी केलं असतं.

आणि एका सकाळी तिने डोळे उघडले, तर चौकटीत लिहिलेलं: काही पाजू नका. उलटी काढू नका. लगेच हॉस्पिटलात न्या. पाळणाघराचं पान कुठल्या कुठे खाली गेलेलं. तिने दुसऱ्याच्या फोनवर बघितलं, बिलवाल्या बाईंच्या फोनवर बघितलं, रस्त्यावरून चाललेल्या एका माणसालाही टाकून बघायला लावलं. सगळीकडे तेच. ती जिन्याच्या पायरीवर बसून हमसाहमशी रडली. मालकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता चहा मागवला. सर्चताईने नणंदेला फोन केला, तर ती म्हणाली, सुटलीस गं बाई, आता जेव पोटभर.

त्याच दिवशी दुपारी काउंटरवरचा फोन वाजला. मालकांनी उचलला, ऐकलं, त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी सर्चताईला खाली हाक मारली. तुझंच कौतुक आहे, म्हणाले, घे.

पलीकडे एक तरुण बाप होता. आवाजावरूनच आनंदी गडी. तो म्हणाला, तुमचे आभार मानायला कधीपासून फोन करायचा होता, राहूनच जात होतं. त्याच्या मुलीने मध्यंतरी रिमोटमधला सेल गिळला असं सगळ्यांना वाटलं. बायको रडायला लागली, त्याचे हातपाय गळाले. मग त्याने शोधलं तर सगळ्यात वर यांचं उत्तर. दोघांनी मिळून पोरीला मिठाचं पाणी पाजलं, चांगलं दोन पेले, ओकून ओकून ती पार मलूल झाली, पण सेल काही निघाला नाही. निघणार कुठून, तो सोफ्याच्या गादीखाली होता. आजीला सापडला. तो हसला. म्हणाला, पण त्या वेळी तुमच्यामुळे डोकं ठिकाणावर राहिलं हो. इतकं सोपं करून लिहिलंय तुम्ही. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. आमच्या इमारतीतल्या सगळ्या आईबापांना पाठवला, मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. बायकोने तर छापून फ्रिजवर लावलाय.

सर्चताईने काउंटरची कड धरली. फ्रिजवर लावलेला कागद कुठल्याही सर्चला बदलता येत नाही. समोर मालक होते, त्यांना तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळलं असावं, कारण त्यांचंही हसू मावळलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग हाताने खूण केली, आभार मान आणि ठेव. मालक बरोबर सांगत होते. आभार मानून फोन ठेवला असता तर तिथेच सगळं संपलं असतं, नोकरी राहिली असती, दुकान राहिलं असतं आणि हा माणूस आयुष्यभर तिचं भलं चिंतत राहिला असता.

"दादा," ती म्हणाली, "ते चुकीचं आहे. पाणी पाजायचं नसतं, उलटी काढायची नसते. खरंच गिळला असता तर मुलगी हातची गेली असती. ते मी लिहिलं होतं. मला माहीत नव्हतं."

मालकांनी डोळे मिटून घेतले.  पलीकडून तो म्हणाला, अगदी लहान मुलासारख्या आवाजात,

"पण ते सगळ्यात वर होतं."

"हो."

"सगळ्यात वर होतं ना. म्हणून तर..."

 तिने भराभर सांगायला सुरुवात केली, आता बदललंय, नवीन आहे ते बघा, तो कागद आधी काढा, ज्यांना ज्यांना पाठवलंत त्यांना आत्ताच्या आत्ता कळवा. पलीकडे तो बायकोला हाक मारताना ऐकू आला, मग कागद ओढून काढल्याचा आवाज, मग बायकोचं काय झालं काय झालं. तो परत फोनवर आला तेव्हा त्याचा श्वास फुलला होता. म्हणाला, इमारतीत मी आता जातो, शाळेच्या ग्रुपवर आत्ता टाकतो. पण त्यातल्या कितीतरी जणांनी पुढे पाठवलं होतं. आपापल्या गावी, बहिणींना, भावजयांना. चांगलं आहे, पाठवा, असं मीच लिहिलं होतं त्यावर.

"ताई, ते कुठपर्यंत गेलंय, किती जणांनी बघितलंय, तुम्हाला बघता येत असेल ना?"

 मालक उठून तिच्याजवळ आले होते, त्यांनी तिच्या हातातला फोन घेतला नाही, नुसते उभे राहिले.

"नाही हो दादा," ती म्हणाली. "तिथलं मला काहीच दिसत नाही."